गांडूळ मेलं म्हणजे जंत मेला असं नसतं

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे ती, प्रोजेक्ट मिळालाय पळसपापडीवर, म्हणजे पळसाच्या बियांचा अर्क काढायचा आणि तो जंतावर चालतो का ते बघायचं. एवढी खुशीत होती की हॅलो पण धड म्हणली नाही. "मावशी, अगं अठरा मिनिटांत गांडूळ लुळं पडलं! अल्बेंडाझोलला त्याच्या दुप्पट वेळ लागला. म्हणजे माझा अर्क अल्बेंडाझोलपेक्षा भारी ना?" (अल्बेंडाझोल म्हणजे जंताचं नेहमीचं औषध.) मी तेव्हा एका म्हशीच्या मागं कोपरापर्यंत हात घालून उभी होते, रेडकू आडवं आलेलं, म्हणलं रात्री करते फोन. रात्री दीड तास बोललो. तरी फोन ठेवल्यावर वाटत राहिलं की महत्त्वाचं ते सांगायचं राहिलंच, म्हणून इथे लिहितेय. तिच्यासाठी आहे, पण तिच्यासारखी हजारो पोरं दरवर्षी हाच प्रयोग करतात, त्यांनी पण वाचावं.

आधी गांडुळाचं सांगते. आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांमध्ये जंतनाशक गुण तपासायचा म्हणलं की गांडूळच घेतात, फेरेटिमा पोस्थुमा. पेट्री डिशमध्ये अर्क ओतायचा, गांडूळ सोडायचं, घड्याळ लावायचं, लुळं किती मिनिटांत पडलं आणि मेलं किती मिनिटांत ते लिहायचं, शेजारी दुसऱ्या डिशमध्ये पिपराझिन नाहीतर अल्बेंडाझोल. कारण असं देतात की गांडूळ दिसायला माणसाच्या आतड्यातल्या गोलकृमीसारखं असतं. दिसायला असेलही, लांब आणि गोल. पण गांडूळ हा वलयांचा प्राणी, मातीत राहणारा, ओल्या कातडीतून श्वास घेणारा. जंत म्हणजे गोलकृमी हा पूर्ण वेगळ्या घराण्यातला, वलयं नाहीत, अंगावर जाड चिवट आवरण, त्याच्या आत तो आतड्यातल्या पाचक रसात आरामात राहतो. गांडुळाच्या कातडीवर मीठ टाकलं तरी ते तडफडतं, आंबट टाकलं तरी तडफडतं, अर्क काढताना वापरलेलं अल्कोहोल त्यात जास्त राहिलं तरी मरतं. मग अर्कातल्या नेमक्या कशानं ते मेलं हे कसं कळणार? आणि अल्बेंडाझोलचं तर कामच सावकाश चालतं, ते जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे जंताला अन्नातली साखर ओढून घेता येत नाही आणि तो उपाशी मरत जातो, त्याला दिवस लागतात. त्याची मिनिटांत शर्यत लावायची हेच मुळात चूक आहे.

पळसपापडीला मी नावं ठेवत नाहीये हं. आमच्या आजीच्या डब्यात जंतासाठी वावडिंग कायम असायची, तान्ह्या बाळाला दुधात उकळून द्यायची ती, आणि पळसपापडीचा वापर तर आयुर्वेदात कृमींसाठी जुनाच आहे. उलट त्यात खरंच काही असेल तर ते नीट सिद्ध व्हावं असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच हा सगळा खटाटोप.

मी तिला एकच गोष्ट सांगत होते. जंत आणि औषध यांच्या मधे एक जिवंत प्राणी असतो. औषध त्याच्या तोंडातून जातं, त्याच्या पोटातल्या आम्लातून जातं, यकृतातून जातं, काही मोडतं, काही बदलतं, काही रक्तात जातं, काही शेणातून बाहेर पडतं, आणि उरलेलं जंतापर्यंत पोचतं. डिशमध्ये हा मधला प्राणीच नसतो.

हे मी शिकले माझ्या एम.व्ही.एस्सी.च्या, म्हणजे पशुवैद्यकीच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या वेळी. माझा विषय होता कोंबडीतला मोठा गोलकृमी, अस्कॅरिडिया गॅली. गावरान कोंबडी कापणाऱ्यांकडे सकाळी सकाळी जाऊन आतडी गोळा करायची, त्यातून माद्या वेचायच्या, त्यांच्या गर्भाशयातली अंडी सुईनं काढून पातळ फॉर्मॅलिनमध्ये ठेवायची, २८ डिग्रीच्या इनक्युबेटरमध्ये साधारण तीन आठवडे. मग एके दिवशी मायक्रोस्कोपखाली अंड्याच्या आत वेटोळं घातलेली अळी हलताना दिसते, ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी अर्धा तास उठले नव्हते. ही पिकलेली अंडी मोजून नळीनं पिल्लांच्या घशाखाली सोडायची आणि दोन महिने थांबायचं, अळीचा मोठा जंत व्हायला तेवढा वेळ लागतो.

वीस पक्षी होते. दहा औषधाचे, दहा कंट्रोलचे, म्हणजे जंत लावलेले पण औषध न दिलेले, तुलनेसाठी. मी काय केलं, तर पिंजऱ्याखाली पडलेली विष्ठा एकत्र गोळा करून तपासली, अंडी दिसली, म्हणलं झालं, जंत लागलेत, औषध द्या. औषधानंतर त्या गटाच्या विष्ठेत अंडी जवळजवळ शून्य. मी आकडे घेऊन गाइडसरांकडे गेले. सरांनी कागद बघितला पण नाही, म्हणाले, "कंट्रोलचे पक्षी उघडलेस का?" उघडले. दहापैकी सहा पक्ष्यांच्या आतड्यात एकही जंत नव्हता. बाकीच्या चौघांत दोन-दोन तीन-तीन. म्हणजे माझी अंडी नीट लागलीच नव्हती, तीन-चार पक्ष्यांच्या विष्ठेतली अंडी मला सगळ्या पिंजऱ्याची वाटली होती, आणि औषधाच्या गटात जे "शून्य" आलं ते औषधामुळे आलं की तिथं मुळात जंतच नव्हते हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. वीस पक्षी गेले आणि त्यातून एक ओळ पण लिहिण्यासारखी निघाली नाही. त्या रात्री मी खूप रडले. रडू पक्ष्यांसाठी येत होतं. थीसिस काय, परत करता येतो.

पुढच्या बॅचला मी एकेका पक्ष्याची विष्ठा वेगळी तपासली, जंत लागलेत याची खात्री केली, मग चिठ्ठ्या टाकून गट पाडले. नियम पण तेच सांगतो, पशुवैद्यकीय परजीवीशास्त्राच्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रत्येक गटात किमान सहा प्राणी आणि कंट्रोलमध्ये जंत पुरेसे लागलेले हवेत असं आहे, आणि शेवटी आतडं उघडून जंत हातानं मोजायचे. हिशोब सोपा आहे, कंट्रोलमधले सरासरी जंत वजा औषधवाल्यांमधले सरासरी जंत, भागिले कंट्रोलमधले, गुणिले शंभर. नव्वदच्या वर आलं तर औषध चांगलं म्हणायचं. पण हा सगळा हिशोब कंट्रोलवर उभा असतो. कंट्रोल पोकळ असेल तर उत्तर कितीही मोठं येऊ दे, त्याला काही अर्थ नाही.

आणि कंट्रोलमध्ये जंत लागले तरी ते टिकले पाहिजेत ना. लॅबमध्ये मोठ्या उंदरांसाठी निप्पोस्ट्रॉन्जिलस नावाचा जंत वापरतात, अळ्या कातडीखाली टोचल्या की त्या फुप्फुसातून फिरून आतड्यात येतात, सहाव्या दिवसापासून अंडी पडायला लागतात, सगळं कसं झटपट, म्हणून लोकांना आवडतो. पण दोन आठवड्यांच्या आत उंदराचं शरीर स्वतःच त्या जंतांना हाकलायला लागतं. आता समजा कुणी दहाव्या दिवशी औषध दिलं आणि पंधराव्या दिवशी पोट उघडलं, तर नुसतं पाणी पाजलं असतं तरी जंत कमी दिसले असते. म्हणून कुठल्या प्राण्यात कुठला जंत, कितव्या दिवशी औषध, कितव्या दिवशी मोजणी, हे सगळं आधी ठरवावं लागतं. त्याच्या उलट पांढऱ्या छोट्या उंदरातला हेलिग्मोसोमॉइड्स, लाल, स्प्रिंगसारखा गुंडाळलेला, तो आतड्याच्या भिंतीत आठवडाभर लपतो आणि मग बाहेर येऊन महिनोन्महिने राहतो. हाकलला जात नाही. म्हणजे औषध दिल्यावर तो गेला तर श्रेय औषधालाच द्यावं लागतं.

आणि ह्याच लाल जंतामुळे आयव्हरमेक्टिन हे जंताचं प्रसिद्ध औषध सापडलं. (तेव्हा त्याचं नाव नेमॅटोस्पायरॉइड्स डुबियस होतं.) ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना कितीदा सांगितली असेल, तरी सांगताना अजून अंगावर काटा येतो. जपानमध्ये टोकियोच्या कितासातो इन्स्टिट्यूटमधले सातोशी ओमुरा, मातीतले सूक्ष्मजीव गोळा करणं हा त्यांचा ध्यास, खिशात कायम प्लास्टिकची पिशवी. शिझुओका भागातल्या कावाना इथं गोल्फ कोर्सजवळची माती त्यांनी उचलली, त्यातून एक स्ट्रेप्टोमायसिस, म्हणजे मातीतला एक जिवाणू, निघाला. असे निवडक सूक्ष्मजीव १९७४ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीला मर्क कंपनीच्या लॅबमध्ये पाठवले. तिथं विल्यम कॅम्पबेल यांची टीम काय करत होती, तर ज्यात तो सूक्ष्मजीव वाढवलाय ते मिश्रण सरळ उंदराच्या खाद्यात घालायची, जंत लागलेल्या उंदराला सहा दिवस खायला द्यायचं आणि मग जंत उरलेत का बघायचं. एका मिश्रणानंतर उंदराच्या पोटात जंत राहिले नाहीत. त्यातून अव्हरमेक्टिन, त्यात थोडा रासायनिक बदल करून आयव्हरमेक्टिन, १९८१ मध्ये जनावरांसाठी बाजारात, १९८७ मध्ये माणसांसाठी मान्यता, नदीकाठच्या अंधत्वाच्या रोगासाठी मर्कनं ते फुकट द्यायला सुरुवात केली, आणि २०१५ चं नोबेल ओमुरा आणि कॅम्पबेल यांना, मलेरियावाल्या तू यूयू यांच्यासोबत.

आता यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. अव्हरमेक्टिन जिवाणूंवर काही करत नाही, बुरशीवर काही करत नाही. अँटिबायोटिक शोधताना डिशमध्ये जी नेहमीची चाचणी करतात त्यात हे मिश्रण नापास होऊन फेकलं गेलं असतं. उंदरानं ते वाचवलं, कारण त्या चाचणीत जंत होता, आणि जंत जिथं राहतो तिथंच होता.

बेल्जियममधली गोष्ट तर याहून बोलकी आहे. बेरसं गावात पॉल यान्सेन यांच्या लॅबमध्ये नवी नवी रसायनं जंत लागलेल्या कोंबड्यांना देऊन बघत होते. एक रसायन कोंबडीत झकास चाललं, तेच उंदरात दिलं तर काहीच नाही. दुसऱ्या कुणी म्हणलं असतं की कोंबडीतला निकाल चुकला असेल, सोडून द्या. त्यांनी विचारलं, कोंबडी या रसायनाचं असं काय करते जे उंदीर करत नाही? शोधलं तर कोंबडीच्या शरीरात त्याचं रूप बदलून दुसरंच रसायन तयार होत होतं आणि खरं औषध ते होतं. त्याच वाटेनं १९६६ मध्ये टेट्रामिसोल आलं, आणि त्याचा जो अर्धा भाग खरं काम करतो तो म्हणजे आपलं लेव्हामिसोल, जे आज माझ्या दवाखान्याच्या कपाटात आहे. म्हणजे बघा, औषध अर्धं माणसानं बनवलं आणि अर्धं कोंबडीनं.

प्राणी औषध बनवतो तसं थांबवतोही. ॲमस्टरडॅमला नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये आल्फ्रेड शिंकेल आणि सहकाऱ्यांनी उंदरांची अशी जात तयार केली होती ज्यांच्यात एक जीन बंद केलं होतं. दिसायला एकदम ठणठणीत, वजन ठीक, पिल्लं ठीक, कुणाला काही फरक दिसेना. मग अ‍ॅनिमल हाऊसमध्ये पिसवा-गोचिडांसारख्या बारीक माइट्सचा त्रास झाला म्हणून नेहमीप्रमाणे सगळ्या उंदरांवर आयव्हरमेक्टिन फवारलं. बाकीचे उंदीर जसेच्या तसे, आणि ही जात जवळजवळ सगळी मेली. १९९४ मध्ये त्यांनी हे छापलं. त्या जीनमधून बनणारं प्रथिन मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर पहारेकऱ्यासारखं उभं असतं, आयव्हरमेक्टिन आत आलं की परत बाहेर ढकलतं. पहारेकरी नसलेल्या उंदरांच्या मेंदूत औषध ८७ पट जास्त सापडलं. जंताच्या मज्जातंतूत जे क्लोराइडचे दरवाजे आयव्हरमेक्टिन उघडं ठेवतं आणि त्यानं जंत लुळा पडतो, तसे नेमके दरवाजे आपल्यात नाहीत, पण त्यांच्या नात्यातले आपल्या मेंदूत आहेत. आपण वाचतो कारण औषध तिथं पोचत नाही.

कोली जातीच्या कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन सोसत नाही हे डॉक्टरांना १९८० च्या दशकापासून माहीत होतं, कारण कळलं २००१ मध्ये, त्यांच्यात हेच जीन जन्मतः मोडलेलं असतं. पुण्या-मुंबईत आता लोक कोली आणि शेल्टी पाळतात, आणि गोचीड झाले की कुणीतरी गुरांचं इंजेक्शन आणून टोचतं. कृपा करून असं करू नका. आधी डॉक्टरांना जात सांगा.

आता मी रोज ज्यात असते ते सांगते, शेळ्या. माझा तालुका कोरडवाहू, उस्मानाबादी शेळ्या, घरटी दोन-चार तरी. पावसाळा संपता संपता लोक यायला लागतात, शेळी खंगली, हगवण लागली, गळ्याखाली पाणी भरलं. एक आजी आहेत, बारा शेळ्या, त्या गेल्या वर्षी भाद्रपदात आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरीण बाई, तीनदा पाजलं औषध, गळ्याखालची पिशवी काय उतरंना." मी शेळीची खालची पापणी उलटून बघितली, पांढरीफटक. हेमोंकस. चौथ्या पोटात राहून रक्त पिणारा जंत, मादी बघितली तर लाल आणि पांढरा असे दोन पदर पिळलेल्या सुतासारखी दिसते, लाल म्हणजे प्यायलेलं रक्त आणि पांढरी तिची अंड्यांची नळी. दिवसाला पाच ते दहा हजार अंडी.

आजी औषध देत होत्या अल्बेंडाझोल, बाटलीवर मेंढीचा डोस बघून, तोही अंदाजानं, शेळी उचलून न बघता. इथं परत तोच मधला प्राणी आडवा येतो. शेळी मेंढीसारखी दिसते म्हणून आपण तिला छोटी मेंढी समजतो, पण शेळीचं यकृत हे औषध मेंढीपेक्षा फार लवकर मोडून बाहेर टाकतं. शेळी पिढ्यानपिढ्या झाडपाला खात आली, कडू-तुरट सगळं, तिच्या शरीराला असल्या गोष्टी निकालात काढायची सवय जास्त आहे असं म्हणतात आणि मला ते पटतं. त्यामुळे या गटातली औषधं शेळीला मेंढीच्या दीडपट ते दुप्पट लागतात. मेंढीचा डोस शेळीला दिला की जंत मरत नाहीत, अर्धमेले होतात, जे चिवट असतात ते जगतात आणि त्यांचीच पिल्लावळ कुरणात पसरते. त्यांच्या ट्युब्युलिनमध्ये २०० व्या जागेवर एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, एवढ्याशा बदलानं अल्बेंडाझोलला चिकटायला जागा राहत नाही. मग बाटल्यांवर बाटल्या पाजा. (लेव्हामिसोलचा डोस मात्र मनानं वाढवू नका, त्यात चालणारा डोस आणि विषारी डोस यात अंतर कमी आहे. आणि नुकत्याच गाभण राहिलेल्या शेळीला अल्बेंडाझोल नाहीच.)

आजींच्या दहा शेळ्यांच्या लेंड्या मी त्या दिवशी घेतल्या आणि औषध वजन करून दिल्यावर चौदा दिवसांनी परत घेतल्या. तीन ग्रॅम लेंड्या, बेचाळीस मिली पाणी, चाळणीनं गाळायचं, खाली बसू द्यायचं, मग मिठाच्या घट्ट पाण्यात ढवळून मॅकमास्टरच्या काचेत, म्हणजे अंडी मोजायच्या खान्यांच्या काचपट्टीत भरायचं, अंडी तरंगून वर येतात, दोन खान्यातली मोजायची आणि पन्नासनं गुणायचं. दवाखान्यात सेंट्रिफ्यूज नाही, चाललं, ही पद्धत १९३९ ची ऑस्ट्रेलियातली, साध्या मायक्रोस्कोपवर होते. निकाल आला तेव्हा वाईट वाटलं, अंडी जेमतेम निम्मी कमी झाली होती. पंच्याण्णव टक्क्यांच्या खाली आलं की जंत औषधाला सरावले असा संशय घ्यायचा असतो, इथं तर निम्म्यावरच अडकलं. मग वेगळ्या गटातलं औषध, वजन काट्यावर करून, आणि ज्यांची पापणी लाल आहे त्यांना द्यायचंच नाही. गळ्याखालची सूज उतरली, दोन शेळ्या गेल्या, दहा राहिल्या. आजींना मी काय सांगू, की बाटलीवरचा डोस ज्या प्राण्यावर ठरला तो प्राणी तुमच्या दावणीला नाही?

हीच चूक २०२१ मध्ये माणसांच्या बाबतीत होताना मी बघितली आणि तेव्हा पण असाच जीव तुटला होता. एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या लोकांनी दाखवलं की प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये आयव्हरमेक्टिन टाकलं की कोरोनाचा विषाणू प्रचंड कमी होतो. बातमी व्हॉट्सॲपवर फिरली. पण त्या भांड्यात जेवढं औषध होतं ते माणसाच्या रक्तात नेहमीच्या डोसनं जेवढं मिळतं त्याच्या कितीतरी पट होतं, तेवढं रक्तात आणायचं तर माणूस आधी विषबाधेनं आडवा होईल. तरी मे २०२१ मध्ये गोव्यात अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन देणार अशी घोषणा झाली, जागतिक आरोग्य संघटना नको म्हणत असताना. आमच्याकडे लोक जनावरांच्या गोळ्या मागायला येत होते. मी देत नव्हते, शिव्या खात होते. नंतर मोठ्या चाचण्या झाल्या आणि त्यात कोरोनावर उपयोग दिसला नाही. औषध तेच, नोबेल मिळालेलं, लाखो लोकांची दृष्टी वाचवणारं. पण डिशमधून सरळ माणसावर उडी मारली.

भाचीनं यावर एक प्रश्न विचारला जो मला आवडला. "मग मावशी, माझ्या अर्कासाठी मी उंदीर मारू का?" आवाज उतरला होता तिचा. म्हणलं, नाही, अजून नाही. प्राण्यांवर प्रयोग करायचा तर कॉलेजच्या एथिक्स कमिटीपुढे जावं लागतं, किती प्राणी, का, त्याहून कमी का चालणार नाहीत, वेदना कशी कमी करणार, सगळं लिहून द्यावं लागतं. ते लिहिताना पोरं कंटाळतात, मी पण कंटाळले होते. पण वीस पक्षी वाया घालवलेल्या बाईला विचारा तो फॉर्म कशासाठी असतो. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलं होतं, शक्य तिथं प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, वापरलेच तर कमीत कमी वापरा, आणि त्यांना त्रास कमीत कमी द्या. त्यातल्या "कमीत कमी"चा अर्थ तीन उंदरांत भागवा असा नाही. तीन उंदरांत काहीच कळलं नाही तर ते तिन्ही फुकट मेले. जेवढ्यात उत्तर मिळेल तेवढे, एकही जास्त नाही, एकही कमी नाही.

विदर्भात हत्तीरोगासाठी गोळ्या वाटतात ना घरोघरी, नागपूर जिल्ह्यात तर तीन औषधं एकत्र दिली गेली, डीईसी (हत्तीरोगाचं जुनं औषध), अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन. डीईसीचा गुण १९४७ मध्ये कॉटन रॅट नावाच्या उंदरात दिसला, त्याच्या अंगात हत्तीरोगाच्या जंताचा भाऊबंद राहतो. अल्बेंडाझोल आधी गुरा-मेंढ्यांचं औषध म्हणून आलं आणि मग माणसाकडे. आयव्हरमेक्टिनचं वर सांगितलंच. आपल्या तळहातावर त्या तीन गोळ्या ठेवल्या जातात तेव्हा त्यामागे एवढे प्राणी आहेत. मला ते आठवतं, दरवेळी.

तर भाचीचं काय ठरलं. गांडूळ बंद. त्याऐवजी ती अंडी फुटण्याची चाचणी करणार आहे, एग हॅच. शेळीच्या ताज्या लेंड्यांतून हेमोंकसची अंडी वेगळी करायची, चोवीस खान्यांच्या प्लेटमध्ये वेगवेगळ्या ताकदीचा अर्क घालायचा, एका ओळीत नुसतं पाणी, एका ओळीत ज्यात अर्क विरघळवलाय तेच द्रावण अर्काशिवाय (गांडूळवाल्या प्रयोगात हे बहुतेक कुणी ठेवतच नाही), एका ओळीत थायाबेंडाझोल हे अल्बेंडाझोलच्याच गटातलं औषध, आणि अठ्ठेचाळीस तासांनी किती अंड्यांतून अळ्या बाहेर आल्या ते मोजायचं. एकही प्राणी मरत नाही. आणि निदान जंत खरा जंत आहे. मधला प्राणी यात पण नाहीच, म्हणून मी तिला बजावलंय की निष्कर्षात "अर्कानं हेमोंकसची अंडी फुटणं कमी झालं" एवढंच लिही, "जंतनाशक औषध सापडलं" असं लिहू नकोस. आकडे चांगले आले तर पुढचं कुणीतरी उंदरात, मग शेळीत करेल, परवानगी घेऊन, कंट्रोल भरलेले ठेवून.

अडचण एकच, ही अंडी बाहेर पडल्यावर तीन तासांच्या आत प्लेटमध्ये जायला हवीत, नाहीतर आतल्या आत वाढायला लागतात आणि मग अर्काचा परिणाम धड दिसत नाही. लातूरहून तिच्या कॉलेजपर्यंत लेंड्या पाठवणं शक्य नाही, म्हणून तीच प्लेटा आणि अर्काच्या बाटल्या घेऊन शनिवारी रात्रीच्या गाडीनं इकडे येतेय. इनक्युबेटर मी मागून ठेवलाय, चाळण्या धुऊन ठेवल्यात, मीठ आणलंय. आजींना सांगून झालंय, त्या म्हणाल्या, "लेंड्याच न्यायच्यात ना, न्या की, पोरीला उन्हाच्या आत आणा." रविवारी सकाळी साडेसहाला, शेळ्या चरायला सुटायच्या आधी, आम्ही दोघी त्यांच्या वाड्यावर असू.